हसरी नाताळपत्रे

श्रोतेहो, नाताळच्या सकाळी मिस्सा आटोपून घरी यावे, चहाचा पेला जवळ घ्यावा आणि भ्रमणध्वनी उघडून पाहावा, तो शुभेच्छांचा नुसता पाऊस पडलेला असतो. गेल्या नाताळला मी सहज मोजदाद केली. लाल टोपी, पांढरी दाढी आणि मागे बर्फाचे डोंगर असे एकच चित्र मला चौदा जणांकडून आले होते. चौदाही जण माझ्या जिव्हाळ्याचे. त्यांच्या सद्भावनेविषयी मला मुळीच शंका नाही. परंतु त्या चित्रावरून पाठवणारा कोण आणि ज्याला पाठवले तो कोण, हे काही केल्या ओळखता येत नव्हते. सायंकाळपर्यंत मी ती सारी चित्रे पुसून टाकली, आणि त्याचे मला दुःखही झाले नाही.

याच्या उलट, माझ्या कपाटात बिस्किटांचा एक जुना डबा आहे. त्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली, माणसांनी स्वतःच्या हातांनी केलेली नाताळपत्रे मी जपून ठेवली आहेत. त्यांतले एक माझ्या एका विद्यार्थ्याने केलेले आहे. बाहेरच्या पानावर लांब कानांचे एक गाढव, आणि खाली ओळ: ‘त्या रात्री बेथलेहेमात सगळ्यांनी दारे लावून घेतली.’ पान उलटावे, तो आत तेच गाढव गोठ्याच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेले. खाली लिहिले आहे: ‘मी थोडा सरकून बसलो. आपला नम्र, गाढव.’ आणि त्याच्याही खाली, बारीक अक्षरांत: ‘बाई, मला वर्गात गाढव म्हणू नका असे नाही, पण विचार करून म्हणा.’

ते पत्र वाचून मी पोट धरून हसले, आणि मग बराच वेळ गप्प बसले. तेव्हापासून तो शब्द मी वर्गात कोणालाही उद्देशून उच्चारलेला नाही. अध्यापनशास्त्राच्या मोठमोठ्या पुस्तकांनी जे साधले नसते, ते एका घडी घातलेल्या कागदाने साधले. असे हसरे पत्र आपल्याला कसे करता येईल, आणि ते करताना कोणती काळजी घ्यावी, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत देशभर कोठेही पत्र पोहोचविण्याची सोय झाली. ती सोय घडवून आणण्यात ज्यांचा हातभार लागला, त्यांपैकी हेन्री कोल हे एक होते. टपाल स्वस्त झाले, पत्रे वाढली, आणि नाताळात येणाऱ्या पत्रांना उत्तरे लिहिता लिहिता कोलसाहेब स्वतःच टेकीस आले. तेव्हा १८४३ साली त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले आणि त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापवल्या. नाव तेवढे लिहायचे, की पत्र तयार. उरलेल्या प्रती एक शिलिंगला एक याप्रमाणे विकल्या गेल्या. छापील नाताळपत्राचा जन्म असा हा थोड्याशा आळसातून झाला, हे आपल्यापैकी आळशी मंडळींना ऐकून बरे वाटेल.

त्या चित्रात एक कुटुंब मेजाभोवती बसून पाहणाऱ्याच्या आरोग्यासाठी द्राक्षमद्याचे पेले उंचावीत आहे आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न व वस्त्र दिले जात आहे, असा देखावा होता. त्या मेजावर एक लहान मूलही पेल्याला तोंड लावताना दिसते. दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांनी त्यावर टीकेची झोड उठविली. म्हणजे पाहा, पहिल्याच नाताळपत्राने कोणाचे तरी मन दुखावले! ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी आपल्याला काम आहे.

विनोदाचे आणि या पत्रांचे नाते पूर्वीपासूनचे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नाताळपत्रांत कोठे उंदीर शेवंड्यावर स्वार झालेला दिसतो, तर कोठे चक्क मेलेला पक्षी पाय वर करून पडलेला आणि खाली आनंदी नाताळची शुभेच्छा! नाताळ म्हणजे बर्फ आणि लाल टोपी, असा ठसा तेव्हा पक्का झालेला नव्हता; पाहणाऱ्याला चकित करावे, हसवावे, एवढाच पुष्कळदा हेतू असे. आणि तो लठ्ठ, दाढीवाला सांताक्लॉज, ज्याचे चित्र मला चौदा वेळा आले, त्याचे आजचे रूप घडविणाऱ्यांत टॉमस नास्ट या अमेरिकन व्यंगचित्रकाराचा मोठा वाटा आहे. १८६३ पासून ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकात तो हे चित्र काढू लागला. तेव्हा नाताळपत्रात थट्टा आली की पावित्र्य गेले, असे मानण्याचे कारण नाही.

तयार शुभेच्छांची तक्रारही आजची नव्हे. आपल्याकडे तारखात्याची शुभेच्छा-तार होती. ठरलेल्या वाक्यांना क्रमांक दिलेले असत. आपण क्रमांक सांगायचा आणि पलीकडे वाक्य उमटायचे. त्यात आपले असे काय, तर एक आकडा! ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आज आकड्याची जागा बोटाच्या स्पर्शाने घेतली आहे, इतकेच. म्हणून दोष यंत्राला देऊ नये. ज्या शुभेच्छेत आपला थोडासाही वेळ खर्च झालेला नाही, तिला घेणाराही वेळ देत नाही, हा साधा हिशोब आहे.

मराठी माणसाला तर हसऱ्या कागदाची परंपरा परकी नाही. मधुकर पाटकर यांनी सुरू केलेला ‘आवाज’ हा दिवाळी अंक आठवा. त्यातल्या खिडकी-चित्रांनी पिढ्यान्‌पिढ्या हसवल्या. कागदाला पाडलेल्या खिडकीतून चित्राचा एकच तुकडा दिसावा, वाचकाने मनात भलतेच काही कल्पावे, आणि पान उलटताच अगदी निरुपद्रवी देखावा समोर यावा! तसेच बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी १९२५ साली जन्मलेले शि. द. फडणीस. त्यांच्या चित्रांना खाली ओळीची गरज लागत नाही. पाहणारा स्वतःच गंमत शोधून काढतो आणि शोधल्याच्या आनंदाने अधिक हसतो. या दोन उदाहरणांत आपल्या कामाचे दोन धडे आहेत. एक, गंमत काही काळ लपवून ठेवावी. दोन, ती समजावून सांगू नये.

घडीच्या पत्राला पहिला धडा तर आयताच लाभलेला आहे. पत्राची घडी म्हणजे बोलण्यातला विराम. गोष्ट सांगणारा नेमक्या ठिकाणी क्षणभर थांबतो, ऐकणाऱ्याची उत्सुकता ताणली जाते, आणि मग तो शेवटचे वाक्य सांगतो. पत्रात तो थांबा वाचकाच्या बोटांत असतो. बाहेरच्या पानावर अर्धी गोष्ट सांगावी. आतल्या पानावर ती अनपेक्षित दिशेला वळावी. बाहेरच सारे सांगून टाकले, तर आतले पान उघडण्याचे वाचकाला कारणच उरत नाही. नवशिक्यांची बहुतेक पत्रे येथेच फसतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. साहित्य अगदी बेताचे: जाड कार्डशीट, फूटपट्टी, पेन्सिल, कात्री, शाई संपलेले एक बॉलपेन, खळ आणि हवे ते रंग. कागद ए-फोर मापाचा, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब घ्यावा. तो मध्यावर कापला, की दोन पत्रांचा कागद होतो. प्रत्येक अर्धाची पुन्हा मध्यावर घडी घातली, की साधारण १०५ बाय १४८ मिलिमीटरचे पत्र तयार होते. ११४ बाय १६२ मिलिमीटरच्या पाकिटात ते नीट बसते. पाकीट आधी आणावे आणि पत्र त्याच्या मापाने करावे. आमच्या घरी एके वर्षी उलटे केले, आणि बारा सुंदर पत्रे कडा कापून पाकिटात कोंबावी लागली. त्यांतल्या एका मेंढराचे पाय गेले, ते गेलेच.

कागदालाही लाकडाप्रमाणे धागा असतो. कागद न मोडता हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, तिकडे त्याचा धागा आहे असे समजावे. घडी धाग्याच्या दिशेने पडली तर स्वच्छ पडते. आडवी पडली तर कागद तडकतो आणि रंग उडतो. जाड कागद नुसत्या हाताने दुमडू नये. घडीच्या जागी फूटपट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनाने एक दाबून रेघ ओढावी आणि मगच घडी घालावी. एवढ्या एका युक्तीने घरगुती पत्राचा ओबडधोबडपणा निम्मा कमी होतो. चिकटवण्यासाठी पातळ डिंक टाळावा, त्याच्या पाण्याने कागद वळतो. मैद्याची घट्ट शिजवलेली खळ पातळ थराने लावून, वर जड पुस्तक ठेवून रात्रभर वाळवावी.

ज्यांना थोडी अधिक हौस आहे, त्यांनी उघडताच उभे राहणारे चित्र करून पाहावे. पत्र मिटलेले असताना घडीच्या कडेवर, साधारण मध्यभागी, एकमेकांपासून दोन सेंटीमीटर अंतरावर कात्रीने दोन सरळ चिरा द्याव्यात. प्रत्येक चीर तीन सेंटीमीटर लांब. मग पत्र थोडे उघडून त्या दोन चिरांमधली पट्टी आतल्या बाजूला ढकलावी आणि पत्र मिटून दाबावे. आता उघडले, की घडीच्या जागी एक छोटी पायरी उभी राहते. पायरीच्या पुढच्या अंगावर, खालच्या कडेला धरून, आपले चित्र चिकटवावे. येथे एक हिशोब सांभाळावा. चिरेची लांबी आणि चित्राची उंची यांची बेरीज पत्राच्या घडीपासून कडेपर्यंतच्या अंतराहून कमी असली पाहिजे. आपले अंतर साडेदहा सेंटीमीटर आहे, चीर तीनची आहे. तेव्हा चित्र सात सेंटीमीटरहून उंच करू नये. नाहीतर पत्र मिटल्यावर त्याचे डोके बाहेर डोकावते आणि सारे गुपित फुटते. शेवटी बाहेरून तेवढ्याच मापाचा दुसरा कागद चिकटवावा, म्हणजे चिरांचे भोक झाकले जाते. मात्र पायरीच्या पाठीमागे खळ लागू देऊ नये. लागली, तर पायरी उठायचीच नाही.

पुष्कळ पत्रे एकसारखी हवी असतील, तर बटाट्याचा ठसा उत्तम. बटाटा मध्यावर एका घावात कापावा, कापलेली बाजू फडक्याने टिपून कोरडी करावी, आकृती कोरावी आणि घट्ट पोस्टर-रंग लावून ठसा उमटवावा. ठसा त्याच दिवशी वापरून संपवावा, दुसऱ्या दिवशी बटाटा सुरकुततो. आणि अक्षरे कोरायची असतील, तर ती उलटी कोरली पाहिजेत, हे विसरू नये. मी ते एकदा विसरले. सातवीच्या वर्गाने चाळीस पत्रांवर मोठ्या उत्साहाने ‘नाताळ शुभ असो’ असे छापले, आणि चाळीसही पत्रांवर ते उजवीकडून डावीकडे उमटले. मुले हिरमुसली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “बाई, खाली एक ओळ लिहू या.” तिने सांगितलेली ओळ अशी: ‘हे पत्र आरशासमोर धरावे. शुभेच्छा वाचता येतील, आणि त्या ज्यांच्यासाठी आहेत ते गृहस्थही दिसतील.’ त्या वर्षीची आमची सर्वांत गाजलेली पत्रे तीच ठरली. हातकामात चूक होणारच. पण विनोदी पत्रात चुकीलाही नोकरी देता येते, हा या कलेचा मोठा गुण आहे.

आता गंमत आणावी कोठून? दूरचे बर्फ आणि हरणे यांच्या मागे लागू नये. आपल्या घरात, आपल्या गल्लीत पाहावे. खानापूरकडच्या कौलारू घराला धुराडे असते थोडेच? तेव्हा बाहेरच्या पानावर छपरावर गोंधळून बसलेला सांताक्लॉज काढावा आणि आत लिहावे: ‘मागील दाराने यावे. कुत्रे बांधले आहे.’ पूर्वेकडचे तीन ज्ञानी पुरुष सोने, ऊद आणि गंधरस घेऊन निघाले. त्यांच्या उंटांची वाट बेळगावावरून गेली असती, तर तिघांच्याही हाती कुंद्याचेच पुडे दिसले असते. ज्यांच्याकडे आपण दरवर्षी फराळाला जातो, त्यांना लिहावे: ‘गेल्या वर्षी मी नेवऱ्या संपल्यावर आले होते. यंदा चूक सुधारण्याचा निश्चय केला आहे.’ शब्दावर कोटी करायची असेल, तर ‘नाताळ’ हा शब्दच आहे. तो आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला आणि त्याचा मूळ अर्थ जन्म. पण मराठी कानाला त्यात ‘ना ताळ’ ऐकू येते. डिसेंबरअखेरच्या खर्चाला ना ताळ, ना तंत्र, हे ज्याच्या घरी मुले आहेत त्याला फोड करून सांगावे लागत नाही.

सण धर्माचा आहे, तेव्हा थट्टा कोठवर न्यावी, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. मी स्वतःपुरता एक नियम केला आहे: गव्हाणीतल्या बाळाची थट्टा करू नये, गव्हाणीभोवतीच्या आपणा सर्वांची खुशाल करावी. आणि तेथे जागाही पुष्कळ आहे. शुभवर्तमानातल्या जन्मकथेत बैल आणि गाढव यांचा उल्लेखच नाही; ते यशया संदेष्ट्याच्या वचनाच्या आधाराने परंपरेने तेथे आणून उभे केले. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी गव्हाणीचा देखावा उभारला, तेव्हा खरेखुरे बैल आणि गाढव आणले होते. मत्तयाने ज्ञानी पुरुष तीन होते असे कोठेही म्हटलेले नाही; भेटी तीन, म्हणून माणसे तीन, असा हिशोब पुढच्या लोकांनी बसविला. भाविकांच्या प्रेमळ कल्पनेने जेथे इतकी मंडळी जमविली, तेथे आपल्या एका लहानशा मेंढराने शिंक दिली, तर कोणाचा अवमान होईल असे मला वाटत नाही.

परंतु माणसांची थट्टा करताना अधिक जपावे लागते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००१ सालची गोष्ट आहे. आमचे मामा शिंपीकाम करीत. दर नाताळला ते एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आमच्या घरी येत, आणि जाताना आई तो नेवऱ्या, कलकल, दोदोल यांनी भरून देई. हा घरातला जुना, लाडका प्रघात. त्या वर्षी मी एक पत्र केले. बाहेर तीन राजे भेटी घेऊन ओळीने चालले आहेत. आत चौथा राजा, हुबेहूब मामांसारखा, हाती रिकामा डबा. खाली ओळ: ‘चौथा राजा नेण्यासाठी आला.’

घरात हशा पिकला. मामाही हसले. पत्र त्यांनी खिशात घातले. पुढच्या नाताळला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. मग आईकडून कळले. तयार कपड्यांपुढे टिकाव न लागल्याने त्याच वर्षी त्यांचे दुकान बंद पडले होते. दरवर्षी डब्याबरोबर आम्हा भावंडांसाठी काही ना काही शिवून आणणारे मामा त्या वर्षी पहिल्यानेच हात हलवीत आले होते. त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते, आणि मी मात्र ते रंगवून, घडी घालून, सर्वांसमोर त्यांच्या हाती ठेवले होते.

२००३ च्या डिसेंबरात मी त्यांना दुसरे पत्र पाठविले. त्यात बाहेर एक गाढव पाटीपुढे उभे आहे, आणि आत लिहिले होते: ‘हे गाढव आता शिक्षकीण होणार आहे. याला चित्रे काढता येतात. कळत मात्र उशिरा.’ त्या वेळच्या गाढवाचा चेहरा माझा होता. नाताळ गेला, नवे वर्ष उजाडले. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, दुपारी दारात मामा उभे. हातात डबा. आईने काही न बोलता तो भरला. मी धीर करून म्हटले, “मामा, ते पहिले पत्र मला परत द्याल का?” ते म्हणाले, “ठेवलंय, पोरी. असू दे.” ते पत्र त्यांनी का ठेवले, हे मला ठाऊक नाही. ते माझ्याकडे अद्याप परत आलेले नाही.

श्रोतेहो, तोंडाने केलेली थट्टा वाऱ्यावर जाते. नंतर “गंमत केली हो” म्हणून ती सावरताही येते. कागदावरची थट्टा मात्र पेटीत राहते, भिंतीवर राहते, आणि आपण समोर नसताना वाचली जाते. म्हणून पत्र पाकिटात घालण्यापूर्वी मी आता तीन प्रश्न विचारते. ज्याला पाठवायचे, त्याच्या वाईट दिवसांत हे पत्र त्याला दिसले तर तो हसेल का? त्याच्या मुलाबाळांसमोर ते मोठ्याने वाचता येईल का? आणि यात ज्याचे हसे होते, तो मीच असू शकेन का? बडोद्यास दीर्घकाळ राहिलेल्या चि. वि. जोशी यांचा चिमणराव इतकी वर्षे आपल्याला का आवडतो? आपल्या फजितीची हकिकत तो स्वतःच्याच तोंडाने सांगतो, म्हणून. जो स्वतःला हसतो, त्याच्याबरोबर हसायला कोणालाही संकोच वाटत नाही.

शेवटी टपालाविषयी दोन शब्द. आत उभे चित्र असेल, तर पाकीट जाड होते. पोस्टात वजन करूनच तिकीट लावावे, म्हणजे घेणाऱ्यावर दंड भरून हसण्याची पाळी येणार नाही. चकचकीत भुकटी शिंपडू नये. ती पत्रापेक्षा पत्र वाचणाऱ्याच्या चहात अधिक दिसते. पत्रे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टाकावीत. आणि तरी उशीर झालाच, तर घाबरू नये. गोव्यात रेइश मागुश आणि चांदर येथे तीन राजांचा सण सहा जानेवारीला साजरा होतो, तोवर सणाचे दिवस आहेतच. पाकिटावर एवढेच लिहावे: ‘राजांनाही उशीर झाला होता.’

आपल्याला चित्रकला येत नाही, ही सबब कोणी सांगू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर मदत मिळालेल्या चेकोस्लोव्हाकियातल्या जित्का साम्कोवा नावाच्या सात वर्षांच्या मुलीने आभारादाखल एक चित्र पाठविले. कागद नव्हता, म्हणून तिने ते काचेवर काढले होते. १९४९ साली युनिसेफने तेच आपले पहिले शुभेच्छापत्र म्हणून छापले. आपल्याजवळ तर कागद आहे, कात्री आहे, आणि घरात एखादा बटाटाही निघेल. यंदा चौदा जणांना एकच चित्र पाठविण्याऐवजी एकाच माणसासाठी एक पत्र करावे. कोणासाठी, हे मी सांगायला नको; बोलता बोलता एखादे नाव आपल्या मनात आलेच असेल. विशेषतः ज्याच्याकडे जाणे-येणे काही कारणाने थांबले आहे, त्याच्या पत्रात गाढवाचा चेहरा आपला काढावा.